मंदीतील चैनविपणन

मंदीच्या काळात महागड्या वस्तू आणि आलिशान सहली विकताना छापील किंमत शाबूत ठेवून गिऱ्हाईक टिकवण्याची पद्धत. साबण स्वस्त झाला की जास्त खपतो. घड्याळ, हँडबॅग किंवा राजवाड्यातील खोली घेणारा मात्र त्या भारी किमतीसाठीही पैसे मोजत असतो. ती उतरली की आधी पूर्ण दाम दिलेला दुखावतो आणि नवा गिऱ्हाईक पुढच्या सेलची वाट पाहत बसतो.

नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ अॅव्हेन्यू या महागड्या दुकानसाखळीने नामांकित डिझायनरांच्या मालावर ७० टक्क्यांपर्यंत सूट दिली. माल उठला, पण बाकीच्या दुकानांनाही भाव पाडणे भाग पडले आणि डिझायनर चिडले. दर ठरवणे दुकानदाराच्या हाती राहिले की असे होते. म्हणून अनेक ब्रँड घाऊक विक्री आवरून स्वतःच्या दालनांकडे वळले. कोच कंपनीने २००९ मध्ये वेगळी वाट धरली. मूळ बॅगांवर सूट न देता ‘पॉपी’ या नावाची कमी किमतीची मालिकाच आणली. यात धोका एवढाच, की वरच्या पायरीवरचे गिऱ्हाईकही खाली उतरते.

हॉटेलाचे गणित आणखी कडक, कारण आज रिकामी गेलेली खोली उद्या विकता येत नाही. समजा, खोलीचे भाडे २०,००० रुपये आणि पाहुणा आल्यामुळे होणारा धुलाई, नाश्ता, विजेचा खर्च ४,००० आहे. हाती १६,००० राहतात. २५ टक्के सूट दिली तर ११,०००. म्हणजे जिथे ४० खोल्या जात होत्या, तिथे तेवढाच पैसा मिळवायला ५९ खोल्या भराव्या लागतात. मंदीत एवढे पाहुणे आणायचे कुठून? त्याऐवजी ‘तीन रात्रींच्या भाड्यात चौथी फुकट’ ठेवली, तर पाहुण्याला २०,००० वाचल्यासारखे वाटते आणि मालकाचे जातात ४,०००; शिवाय त्या दिवसाचे जेवण बहुधा हॉटेलातच होते. मात्र चौथी रात्र एरवी रिकामी जाणारी हवी. दिवाळी, नाताळ आणि शनिवार वगळले नाहीत, तर पूर्ण भाड्याने जाणारी खोलीच फुकट दिली जाते. दर पाडावाच लागला तर तो विमानभाड्यासह पॅकेजमध्ये दडवतात, म्हणजे खोलीचा आकडा वेगळा दिसत नाही. क्रूझ कंपन्या मात्र तिकीट बरेच खाली आणू शकतात. मद्य, कॅसिनो आणि किनाऱ्यावरच्या सहलींतून जहाजावर वसुली होते.

दुसरा मार्ग खर्चाला कारण पुरवण्याचा. १९३० च्या दशकातील महामंदीने हिऱ्यांची मागणी कोसळली, तेव्हा डी बिअर्स या हिरे कंपनीने पुरवठा आवळला आणि १९३८ मध्ये एन. डब्ल्यू. एयर या जाहिरातसंस्थेला गाठले. जाहिरातींनी हिऱ्याची सांगड साखरपुड्याशी घातली. ‘हिरा सदैव टिकतो’ या अर्थाची प्रसिद्ध ओळ फ्रान्सिस गेरेटी यांनी लिहिली, ती १९४७ मध्ये. मंदीत लिपस्टिकसारखी छोटी चैन वाढते, हे २००१ पासून लोकप्रिय झालेले सूत्र त्यामानाने कच्चे आहे. प्रत्येक मंदीत ते खरे ठरलेले नाही.

मूळ भाव शाबूत ठेवण्याची युक्ती महाराष्ट्रातील सराफी पेढ्यांना जुनीच ठाऊक आहे. पाडव्याला किंवा दसऱ्याला सूट मिळते ती घडणावळीवर, सोन्याच्या भावावर नव्हे. पावतीवर वजन, भाव आणि घडणावळ वेगवेगळी मांडलेली असते, म्हणूनच हे जमते.