होर्डिंग, वारा आणि पायथनचे तीन लूप

इंजिनिअरिंगचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर माऊसऐवजी पायथन या प्रोग्रामिंग भाषेनं का चालवायचं ते सांगायचंय, पण आधी एक छोटं गणित करूया, कॅल्क्युलेटर मोबाईलमध्ये आहेच. वाऱ्याच्या लोडसाठी आपल्याकडे आयएस 875 या भारतीय मानकाचा भाग 3 वापरतात, त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा बेसिक वेग दिलाय 44 मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी साधारण 160 किलोमीटर. दाब काढायचं सूत्र एकदम सोपं, वेगाचा वर्ग गुणिले 0.6. उत्तर येतं चौरस मीटरला 1160 न्यूटनच्या आसपास, म्हणजे दर चौरस मीटरवर 118 किलोचं ढकलणं. (उंची, आजूबाजूच्या इमारती, बोर्डाचा आकार यांचे गुणांक असतात, ते सध्या बाजूला ठेवतो.)

आता 40 बाय 40 फुटांचं होर्डिंग घ्या. त्यावर वाऱ्याचा जोर येतो साधारण साडेसतरा टन. पालिकेची मर्यादा तेवढीच होती, आणि 13 मे 2024 ला घाटकोपरच्या छेडा नगरला पेट्रोल पंपावर जे होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली ते होतं साधारण 120 बाय 120. ते नेमकं का पडलं तो चौकशीचा विषय, मी फक्त आकाराचं गणित सांगतोय. बाजू तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊपट, म्हणजे जोर गेला 158 टनांवर, आणि बोर्ड जमिनीपासूनच सुरू होतो असं धरलं तर जोराचा मध्यही तिप्पट उंचीवर, म्हणून पायाला उलथवून टाकणारा मोमेंट 27 पट! तिप्पट आणि 27 पट, फरक बघा.

इथपर्यंत काम हातानं होतं. पण त्या सांगाड्यातला नेमका कुठला पाईप आधी वाकेल, कुठल्या वेल्डवर ताण जमेल, हे हातानं काढायचं म्हटलं तर जन्म जाईल, म्हणून मग सिम्युलेशन सॉफ्टवेअर. ते अख्ख्या सांगाड्याचे बारीक तुकडे करतं, प्रत्येक तुकड्याची साधी समीकरणं लिहितं आणि सगळी एकदम सोडवतं. तुकड्यांच्या जाळीला मेश म्हणायचं आणि पद्धतीला फायनाइट एलिमेंट, हे नाव 1960 मध्ये रे क्लफ या अमेरिकन प्राध्यापकानं दिलं. ॲबॅकस, ॲन्सिस वगैरे नावं इंजिनिअरिंगच्या पोरांच्या तोंडी असतात ती याच जातीची.

आता ऑफिसमध्ये काय होतं ते सांगतो, पवई असो नाहीतर महापे, सगळीकडे सारखंच. ज्युनिअर पोरगा माऊसनं क्लिक करत करत मॉडेल बनवतो, रन करतो, लाल-निळं चित्र येतं, तो खूश. मग सर येतात आणि म्हणतात, "अरे, पाईप जरा जाड करून बघ ना." मग "बोर्ड 30 फुटांचा केला तर?" मग "वारा थोडा कमी धरला तर?" पाच साईज, चार जाड्या, सहा वेग, झाली 120 मॉडेलं. एकाला 20 मिनिटं क्लिकिंग धरलं तरी 40 तास, म्हणजे अख्खा आठवडा नुसतं टकटक, आणि त्यात 73 व्या मॉडेलला एक आकडा चुकीचा टाईप झाला तर कोणाला कळणार?

इथे पायथन येतं. गंमत अशी की ते आधीपासून तिथेच असतं. ॲबॅकसच्या मॉडेलिंगच्या खिडकीत तुम्ही जे क्लिक करता ते आतल्या आत पायथनची एक ओळ होऊन मुख्य प्रोग्रामकडे जातं आणि ती ओळ आर-पी-वाय नावाच्या फाईलमध्ये लिहिलीही जाते. म्हणजे तुम्ही दिवसभर माऊस फिरवता तेव्हा नकळत प्रोग्रामच लिहीत असता, फक्त उघडून बघत नाही. ती फाईल उघडायची, नको त्या ओळी उडवायच्या (व्ह्यू फिरवल्याच्या, झूम केल्याच्या ढीगभर असतात), आकडे होते तिथे व्हेरिएबल (किंमत बदलता येणारी नावं) टाकायचे, आणि वर तीन फॉर लूप, म्हणजे दर वेळी नवा आकडा घेऊन तेच काम पुन्हा करायला लावणाऱ्या ओळी, साईज, जाडी आणि वेगासाठी एकेक. संध्याकाळी लावून घरी जा, सकाळी 120 उत्तरांचा तक्ता तयार. खिडकी उघडायचीही गरज नाही, कमांड लाईनवरून नो-जीयूआय म्हणून चालवता येतं.

पण रेकॉर्ड केलेली फाईल जशीच्या तशी लूपमध्ये टाकली की एक फार वाईट खड्डा आहे. तुम्ही समोरच्या पृष्ठभागावर क्लिक करून वाऱ्याचा दाब दिलात, तर फाईलमध्ये "समोरचा पृष्ठभाग" असं लिहिलं जात नाही, मास्क नावाचा एक कोड लिहिला जातो, ज्याचा अर्थ फक्त "अमुक नंबरचा पृष्ठभाग". आणि हे नंबर सॉफ्टवेअर स्वतः देतं. लूपमध्ये तुम्ही एक आडवा पाईप वाढवलात की नंबर बदलू शकतात, डिसेंबर 2023 मध्ये दादरला मध्य रेल्वेचा एक नंबर प्लॅटफॉर्म रातोरात आठ नंबर झाला तसे. स्क्रिप्ट आपली जुन्याच नंबरावर जाऊन उभी! दाब समोरच्या बाजूऐवजी एखाद्या पाईपच्या कडेवर बसतो, एरर येत नाही, रन पूर्ण होतो, रंगीत चित्रही छान येतं. यावर उपाय म्हणजे जागा नंबरानं न सांगता कोऑर्डिनेटनं सांगायची, ॲबॅकसमध्ये फाइंड-ॲट म्हणून कमांड आहे, आणि एक सेटिंग बदललं तर रेकॉर्डिंगच कोऑर्डिनेटनं होतं. स्क्रिप्टिंग शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी कोणी हे सांगत नाही, का ते देव जाणे.

कोणी म्हणेल, पायथनच का? ॲन्सिसकडे एपीडीएल ही स्वतःची भाषा कित्येक वर्षांपासून आहे, तिच्यातही लूप आहेत, जुने लोक तिच्यावर जीव टाकतात आणि बरोबरच आहे. पण ती भाषा ॲन्सिसच्या कुंपणाबाहेर फारशी जात नाही. क्लायंटच्या एक्सेलमधून पाईपचे साईज वाचायचे, रन करायचं, उत्तरांचा ग्राफ काढायचा, जो डिझाईन फेल झाला तो वगळून पुढचा ठरवायचा, हे सगळं एका दमात करायचं तर सर्वसाधारण भाषाच हवी. म्हणून आता ॲन्सिसलाही बाहेरून पायथननं चालवता येतं. आणि "पायथन स्लो आहे" हे जे ऐकू येतं ते इथे लागू नाही, कारण समीकरणं सोडवायचं जड काम फोरट्रान नाहीतर सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला सॉल्व्हरच करतो, पायथन फक्त हुकूम सोडतं. सॉल्व्हर तासभर घाम गाळणार असेल तर हुकूम द्यायला दोन मिलिसेकंद लागले की वीस, कोणाला फरक पडतो.

खरा धोका वेगळाच आहे, स्क्रिप्ट बरोबर काम जितक्या झपाट्यानं करते तितक्याच झपाट्यानं चुकीचंही करते. सगळ्यात कुप्रसिद्ध म्हणजे युनिट्स. ॲबॅकसला युनिट कळतच नाही, तुम्ही द्याल तो आकडा. मिलिमीटर आणि न्यूटनमध्ये काम करत असाल तर स्टीलची घनता द्यायची 7.85 गुणिले 10 चा उणे 9 वा घात, कारण तिथे वस्तुमान टनात मोजावं लागतं. सवयीनं 7850 टाकलंत तर होर्डिंग एक लाख कोटी पट जड होतं, पण ही चूक बरी, कारण उत्तर इतकं वेडंवाकडं येतं की लगेच पकडली जाते. घातक चूक उलटी असते. गुरुत्वाकर्षण 9810 ऐवजी 9.81 टाकलं की सांगाड्याचं वजन हजारपटीनं कमी होतं, जवळजवळ गायबच, आणि उत्तर मात्र बघायला एकदम सभ्य. असले आकडे लपून बसतात.

म्हणून शहाणे लोक स्क्रिप्टमध्येच पहारा बसवतात. आपल्या 40 फुटी बोर्डावर वाऱ्याचा जोर 172 किलोन्यूटनच्या थोडा वर येतो (तेच मघाचे साडेसतरा टन), तर पायांकडून येणाऱ्या आडव्या रिॲक्शनची, म्हणजे उलट जोराची, बेरीजही तेवढीच यायला हवी, न्यूटनचा नियम आहे, त्यात मंत्रालयातून सवलत मिळत नाही. बेरीज एक टक्क्याहून जास्त हुकली तर तो रन बाद करून तक्त्यात लाल खूण. मघाची दाब भलतीकडे बसायची भानगडही बहुतेक वेळा यातच सापडते. चार-पाच ओळींचं काम आहे, पण माऊसनं 120 वेळा हे तपासायला कोण बसणार? माझ्या मते स्क्रिप्टिंगचा वेळ वाचण्यापेक्षा मोठा फायदा हा आहे, तपासणी फुकटात मिळते, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या माणसाला ओळ न् ओळ वाचून कळतं की तुम्ही नक्की काय केलं होतं. क्लिकचा मागे असा पुरावा राहत नाही.

मेशचंही तसंच. तुकडे किती बारीक करायचे हे आधी माहीत नसतं, म्हणून बारीक करत जायचं आणि उत्तर स्थिरावतं का बघायचं. यासाठी झकास परीक्षा म्हणजे भोक पाडलेली पट्टी. पट्टी खूप रुंद असेल तर भोकाच्या कडेला ताण बरोब्बर तिप्पट होतो, हे कीर्श नावाच्या जर्मन इंजिनिअरनं 1898 मध्येच कागदावर सिद्ध केलंय. जाड्याभरड्या मेशवर आकडा बहुतेकदा तीनच्या खालीच रेंगाळतो, बारीक करत गेलात की तीनला येऊन टेकतो.

ही तपासणी न झाल्याची किंमत नॉर्वेत दिसली. 23 ऑगस्ट 1991 ला स्लाइपनर ए या तेल-प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीच्या वेळी फियोर्डात (डोंगरांमधल्या खोल खाडीत) बुडाला, नुकसान 70 कोटी डॉलरच्या घरात. नंतर कळलं की एका नाजूक सांध्यापाशी मेश पुरेशी चांगली नव्हती, शिअरचा, म्हणजे कातरणारा, ताण 47 टक्क्यांनी कमी धरला गेला होता आणि भिंती त्या हिशेबानं बारीक झाल्या होत्या. मागाहून नीट विश्लेषण केलं तर उत्तर आलं 62 मीटर खोलीला तुटेल, प्रत्यक्षात तुटला 65 मीटरला. म्हणजे पद्धत चांगलीच होती हो. योगायोग असा की गिडो व्हॅन रॉसमनं पायथन जगासमोर आणलं तेही 1991 मध्येच.

मात्र "उत्तर दोन टक्क्यांच्या आत स्थिरावेपर्यंत मेश बारीक करत राहा" असा लूप लिहून घरी जाऊ नका. सांगाड्यात एखादा आतला धारदार कोपरा असेल, जिथे गोलाई दिलेलीच नाही, तर गणितानुसार तिथला ताण अनंत आहे. मेश जितकी बारीक तितका आकडा मोठा, थांबणारच नाही, लूप रात्रभर लायसन्स अडवून बसेल आणि सकाळी बाकीची टीम तुमच्या नावानं शंख करेल. कमाल फेऱ्यांची मर्यादा घाला, आणि कोपऱ्याला प्रत्यक्षात असते तेवढी गोलाई द्या.

लायसन्सचा विषय निघालाच तर, शिकायला ते महागडं सॉफ्टवेअर हवंच असं नाही. आपल्या पवईतच आयआयटीचा फॉसी हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प आहे, त्यांचं ऑसडॅग हे स्टीलच्या डिझाईनचं सॉफ्टवेअर पायथनमध्येच लिहिलंय, आयएस 800 या स्टीलच्या भारतीय मानकाप्रमाणे चालतं आणि फुकट आहे. फ्रान्सच्या वीज कंपनीचं कोड-ॲस्टर आहे, त्याच्या कमांड फाईली म्हणजे पायथनच. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या ओपनसीसलाही पायथननं चालवता येतं, भूकंपवाले ते वापरतात.

आणि ऑफिसात कोणी सिनिअरनं पूर्वी लिहिलेली ॲबॅकसची स्क्रिप्ट वारशानं मिळाली असेल तर एक बघून घ्या. ॲबॅकस वर्षानुवर्षं पायथन 2.7 वर होतं, 2024 च्या व्हर्जनपासून ते 3.10 वर गेलं. जुनी स्क्रिप्ट नव्यात टाकली की प्रिंटच्या ओळींवर एरर येतात, ते ठीक, दिसतात. न दिसणारी गोष्ट भागाकाराची आहे. जुन्या पायथनमध्ये 25 भागिले 2 केलं की उत्तर 12 यायचं, नव्यात 12.5 येतं. प्लेटची जाडी 25 मिलिमीटर आणि स्क्रिप्टमध्ये मधली रेषा काढायला "जाडी भागिले 2" असं लिहिलेलं असेल, तर तीच स्क्रिप्ट, तेच आकडे, आणि मधली रेषा अर्धा मिलिमीटर सरकलेली. जुन्या रिपोर्टशी उत्तर जुळत नाही म्हणून नव्या व्हर्जनला शिव्या घालायच्या आधी भागाकाराची खूण शोधा, कारण चुकत होता तो जुना रिपोर्ट.