लॉरेन्सियमची जागा: गण 3 चा न मिटलेला वाद

1961 साली कॅलिफोर्नियात जेमतेम 3 मायक्रोग्रॅम कॅलिफोर्नियमवर बोरॉनच्या आयनांचा मारा करून अणुक्रमांक 103 चं मूलद्रव्य, म्हणजे लॉरेन्सियम, तयार केल्याचं जाहीर झालं. तेव्हा सांगितलेला वस्तुमानांक 257 पुढे बदलावा लागला. 1965मध्ये सोव्हिएत गटाने दुबना इथे अमेरिशियमवर ऑक्सिजनचे आयन आदळून दुसरी वाट काढली. श्रेयाचं भांडण रीतसर रंगलं आणि 1992 साली दोघांत वाटून मिटलं. नाव अमेरिकी गटाचंच राहिलं.

आवर्त सारणीतल्या त्याच्या जागेचा प्रश्न मात्र चिघळत राहिला. गण 3 मध्ये, म्हणजे तक्त्याच्या तिसऱ्या स्तंभात, स्कँडियम आणि यिट्रियम यांच्याखाली कोण: लँथेनम-ॲक्टिनियम की ल्युटेशियम-लॉरेन्सियम? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शाळेतला तक्ता असतो, म्हणून पहिली जोडी ‘स्वाभाविक’ वाटते. ती तिथे बसली ती एका जुन्या गैरसमजामुळे. यटर्बियममध्ये 4एफ उपकवचात (14 इलेक्ट्रॉनांच्या कप्प्यात) 13च इलेक्ट्रॉन आहेत असं पूर्वी मानलं जाई, त्यामुळे ल्युटेशियम हे एफ-खंडाचं (एफ उपकवच भरत जाणाऱ्या मूलद्रव्यांचं) शेवटचं मूलद्रव्य ठरलं आणि यिट्रियमखालची जागा लँथेनमकडे गेली. प्रत्यक्षात यटर्बियमपाशीच 14 पूर्ण होतात. ल्युटेशियम डी-खंडात (डी उपकवच भरणाऱ्यांत) जायला हवं, हे 1948मध्येच लिहिलं गेलं होतं. रसायनशास्त्रज्ञांमध्ये त्यावर गंभीर चर्चा व्हायला 1982 उजाडलं. स्कँडियम, यिट्रियम, ल्युटेशियम या तिघांची स्फटिकरचना एकसारखी, लँथेनमची वेगळी. त्याचा वितळणबिंदूही 920 अंशांवर, बाकीचे तिघे 1500 अंशांच्या पुढे.

मग 2015मध्ये जपानमधल्या एका गटाने लॉरेन्सियमची आयनीभवन ऊर्जा, म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, मोजली. हाताशी असलेल्या समस्थानिकाचं अर्धायुष्य 27 सेकंद, आणि काम एकेका अणूवर. अणू तापलेल्या टँटलमच्या पृष्ठभागावरून पाठवायचे आणि त्यातले किती आयन होऊन बाहेर पडतात ते पाहायचं. उत्तर आलं 4.96 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सोडियमपेक्षाही कमी. सापेक्षतेच्या परिणामांमुळे (जड अणूंत इलेक्ट्रॉन फार वेगाने फिरतात म्हणून होणाऱ्या) शेवटचा इलेक्ट्रॉन 6डी ऐवजी 7पी मध्ये जातो, या जुन्या भाकिताशी ते नेमकं जुळलं.

झालं, दोन्ही बाजूंनी हा आकडा आपापल्या पदरात पाडून घेतला. एका बाजूचं म्हणणं, डी-इलेक्ट्रॉनच नसेल तर डी-खंडात कसं ठेवायचं? दुसरी बाजू म्हणाली, 5एफ पूर्ण भरलेलं आहे आणि हा बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल आहे, तेव्हा एफ-खंड इथे संपलाच. माझ्या मते या मोजणीतून जागेचा निकाल लागत नाही. थोरियमच्या एकट्या अणूतही 5एफ इलेक्ट्रॉन नसतो, पण त्याला एफ-खंडातून बाहेर काढा असं कोणी म्हणत नाही. द्रावणातली रासायनिक वागणूकही उपयोगाची नाही: लॉरेन्सियम +3 अवस्थेत (तीन इलेक्ट्रॉन गमावून) राहतं, आणि तशी राहणारी शेजारीपाजारी भरपूर आहेत.

2015च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय पातळीवर एक गट नेमला गेला. त्याच्या 2021च्या अंतरिम अहवालाने प्रामाणिकपणे मान्य केलं की वस्तुनिष्ठ निकष हाती नाही आणि संकेत ठरवावा लागेल. शिफारस झाली ल्युटेशियम-लॉरेन्सियमची: अणुक्रमांक सलग राहतात, खंडांची रुंदी 2, 6, 10, 14 अशी येते आणि 32 स्तंभांच्या तक्त्यात डी-खंडाचे दोन तुकडे होत नाहीत. पुस्तकांनी ती उचलायला हरकत नव्हती. पण 2022च्या अधिकृत तक्त्यातही यिट्रियमखाली मूलद्रव्याऐवजी ‘57–71’ आणि ‘89–103’ असेच आकडे छापलेले आहेत, आणि खालच्या दोन्ही ओळी 15-15 मूलद्रव्यांच्या.