होम फ्रंट वीकेंड

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधल्या सामान्य माणसांनी काढलेले दिवस पोशाख, वस्तू आणि छोट्या प्रसंगांतून पुन्हा उभे करण्याचा शनिवार-रविवारचा हौशी कार्यक्रम. ‘वॉरटाइम वीकेंड’ किंवा ‘नाइन्टीन फॉर्टीज वीकेंड’ या नावांनीही तो ओळखला जातो. लढाईचे प्रयोग करणारी मंडळे वेगळी. इथे बंदुकीपेक्षा स्वयंपाकघर, परसबाग, शाळेतली मुले आणि नाचाचा हॉल यांना महत्त्व असते. ‘होम फ्रंट’ म्हणजे आघाडीवर न गेलेल्या नागरिकांनी घरी राहून लढवलेली आघाडी.

जागा. यॉर्कशरमधले हॉवर्थ गाव, वाफेच्या इंजिनांच्या जुन्या रेल्वे आणि गावोगावची कंट्री पार्क, म्हणजे लोकांना फिरायला मोकळी ठेवलेली हिरवी मैदाने-राने, ही या कार्यक्रमांची नेहमीची ठिकाणे. १९६८ च्या कंट्रीसाइड कायद्याने इंग्लंड-वेल्समधल्या स्थानिक संस्थांना शहराजवळ अशी पार्क उभारण्याची वाट मोकळी झाली. त्यांतली बरीच म्हणजे जमीनदार घराण्यांच्या जुन्या इस्टेटी. युद्धकाळात सरकारने अशी घरे इस्पितळे, छावण्या, कार्यालये यांसाठी सर्रास ताब्यात घेतली होती. डर्बीशरमधल्या एल्व्हॅस्टन कॅसलमध्ये तर डर्बीहून हलवलेले शिक्षिकांचे प्रशिक्षण महाविद्यालय भरत असे. १९७० मध्ये तीच जागा कंट्री पार्क म्हणून लोकांना खुली झाली. त्यामुळे अशा हिरवळीवर खाकी तंबू पडले तर ते उपरे वाटत नाहीत. सोयीचे कारणही आहेच: गाड्या लावायला मैदान, झाडांची सावली आणि तयार स्वच्छतागृहे.

काय दिसते. प्रेक्षकांची सर्वांत जास्त गर्दी होते ती एका साध्या टेबलाभोवती. त्यावर एका प्रौढ माणसाचे आठवड्याचे रेशन मांडलेले असते: सुमारे ११३ ग्रॅम बेकन, ५७ ग्रॅम लोणी, २२७ ग्रॅम साखर, ५७ ग्रॅम चहा आणि एक अंडे. प्रमाणे युद्धभर कमीजास्त होत राहिली, पण टेबलावर बहुधा हीच असतात. बेकन, लोणी आणि साखर ८ जानेवारी १९४० पासून रेशनवर आली, चहा त्याच वर्षीच्या जुलैत. पाव मात्र युद्ध चालू असेपर्यंत मोकळाच मिळे. त्यावर रेशन आले १९४६ मध्ये, म्हणजे युद्ध जिंकल्यावर. शेवटचे बंधन ४ जुलै १९५४ ला उठले. आठवड्याचा चहा ५७ ग्रॅम हे ऐकून मराठी माणसाच्या पोटात गोळा येईल.

शेजारच्या चुलीवर वूल्टन पाय भाजत असतो. बटाटा, गाजर, फ्लॉवर आणि स्वीड हा कंद घालून केलेला हा बिनमांसाचा पदार्थ लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याने रचला आणि तो अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाने चालला. चव घेणारे पुष्कळ असतात. जेवायला मात्र सगळे पलीकडच्या बर्गरच्या गाडीकडे वळतात.

अँडरसन शेल्टर हे दुसरे आकर्षण. बॉम्बहल्ल्यापासून बचावासाठीचा नालीदार पत्र्यांचा हा सहा माणसांचा निवारा परसात खड्डा खणून अर्धा जमिनीत बसवत आणि वर मातीचा थर देत. त्या मातीत लोक भाजी लावत. वर्षाला २५० पौंडांपेक्षा कमी कमाई असलेल्यांना तो फुकट मिळे. ज्या सर जॉन अँडरसन यांच्या नावाने तो ओळखला जातो ते १९३२ ते १९३७ या काळात बंगालचे गव्हर्नर होते, ही गोष्ट तंबूतल्या माहितीफलकावर सहसा नसते. हाताने फिरवायचा भोंगा दिवसातून दोन-चारदा वाजतो: चढउताराचा सूर म्हणजे धोका, एकसुरी म्हणजे धोका टळला.

बॉम्बहल्ल्याच्या भीतीने १ सप्टेंबर १९३९ पासून शहरांतली मुले खेड्यांत पाठवायला सुरुवात झाली. पहिल्या काही दिवसांत सुमारे १५ लाख लोक हलवले गेले. त्यांत मुलांबरोबर आया आणि शिक्षकही होते. त्याची आठवण म्हणून शाळेची मुले कोटाला नावाची चिठ्ठी अडकवून आणि गळ्यात गॅस मास्कचा खोका घालून रांगेने येतात. खोक्यात मास्क नसतो. त्या काळच्या मास्कच्या गाळणीत अ‍ॅस्बेस्टॉस असल्याने ते मुलांना घालायला देऊ नयेत, अशी सूचना शाळांना गेलेली आहे. तेव्हा खोक्यात मुलांचा डबाच जास्त वेळा सापडतो.

बाकी होमगार्डची कवायत, शेतात राबणाऱ्या लँड आर्मीच्या पोरी, जुन्या जीपगाड्या, चर्चिलची नक्कल करणारा कोणीतरी सिगारवाला आणि संध्याकाळी स्विंग संगीतावरचा नाच हे ठरलेलेच. हवा चांगली असली आणि आयोजकांचे नशीब असले तर वरून स्पिटफायर विमान एक फेरी मारून जाते. हे सारे करणारे बहुतेक लोक बिनपगारी. पोशाखाच्या बटणापर्यंत काटेकोर असणारे त्यांत बरेच आहेत, आणि नायलॉनचे मोजे नसल्याने पायावर ग्रेव्ही ब्राउनिंग (रश्शाला तपकिरी रंग आणणारा पदार्थ) चोपडून मागे पेन्सिलीने शिवण काढण्याची तेव्हाची युक्तीही काही बायका हौसेने करून दाखवतात.

चुका. काटेकोरपणा सगळीकडे नसतो. ‘ग्रीन गॉडेस’ हा हिरवा बंब अशा मेळ्यांत हमखास मिरवतो, पण तो १९५० च्या दशकातला. ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ (शांत राहा आणि काम चालू ठेवा) हे सरकारी पोस्टर प्रत्येक दुकानात कपावर, पिशवीवर, टॉवेलवर छापलेले असते. ते १९३९ मध्ये लाखोंनी छापले गेले खरे. प्रत्यक्षात युद्धकाळात भिंतींवर जवळजवळ लागलेच नाही. २००० मध्ये नॉर्थम्बरलंडमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची प्रत सापडली आणि मग ते जगभर पसरले. आज जे वाक्य त्या काळाचा आवाज मानले जाते, ते त्या काळच्या बहुतेकांनी वाचलेलेच नव्हते.

वाद. जर्मन गणवेश हा कायमचा तंटा आहे. नॉर्थ यॉर्कशर मूर्स रेल्वेच्या युद्धकालीन कार्यक्रमात लेव्हिशॅम स्थानकाला ‘ल व्हिशॅम’ हे जर्मनांच्या ताब्यातले फ्रेंच गाव बनवले जाई आणि तिथे जर्मन सैनिकांच्या वेशातले लोक वावरत. त्यावरून नाराजीही झाली. हॉवर्थसह अनेक ठिकाणी नाझी चिन्हे आणि एसएस या नाझी दलाचे पोशाख यांना मनाई करण्यात आली. होम फ्रंटच्या कार्यक्रमात शत्रूचा सैनिक मुळात हवाच कशाला, हा आयोजकांचा युक्तिवाद बिनतोड आहे. जर्मन सैन्य ब्रिटनच्या मुख्य भूमीवर उतरलेच नव्हते.

त्याहून मोठा आक्षेप गोडव्याबद्दलचा आहे. ब्लिट्झमध्ये, म्हणजे ब्रिटिश शहरांवरच्या जर्मन बॉम्बहल्ल्यांत, ४० हजारांवर नागरिक मेले. काळाबाजार चाले, अंधारात चोऱ्या होत, गावी पाठवलेल्या काही मुलांचे हाल झाले. यातले फारच थोडे हिरवळीवर येते. एकी, काटकसर आणि नाच यांच्यावरच सगळा उजेड पडतो. तरी घरी आजीने सांगितलेल्या गोष्टी घेऊन येणारे लोक या टेबलांभोवती जे बोलतात, ते कित्येकदा मांडणीपेक्षा खरे असते.

भारतीय माणसे. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून ‘के-६’ हे दल फ्रान्सला निघाले. त्यात रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचरांच्या चार तुकड्या होत्या. जवान मुख्यतः पंजाबी मुसलमान. १९४० च्या माघारीत एक तुकडी जर्मनांच्या हाती लागली, बाकीच्या ब्रिटनमध्ये आल्या आणि पुढची काही वर्षे डर्बीशर, वेल्स, स्कॉटलंड अशा भागांत राहिल्या. ज्या प्रकारच्या गावांत आणि माळांवर आज हे मेळे भरतात, तिथेच ही फेटेवाली माणसे खेचरे घेऊन फिरत होती. मेळ्यांत मात्र त्यांचे पोशाख क्वचितच दिसतात. ब्रिटनमध्ये लोक रेशनवर धडधाकट राहिले हे तिथे अभिमानाने सांगितले जाते. मुंबईत रेशनिंग आले ते १९४३ मध्ये, आणि त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे उपाशी मेली.