पोलिसांची साक्ष (फौजदारी खटल्यातील)

गुन्ह्याचा तपास केलेल्या किंवा गुन्हा प्रत्यक्ष पाहिलेल्या पोलिसाने न्यायालयात शपथेवर केलेले कथन. सरतपास (साक्षीदार बोलावणाऱ्या पक्षाचे प्रश्न), उलटतपास (विरुद्ध पक्षाचे प्रश्न), फेरतपास (पहिल्या पक्षाचे पुन्हा प्रश्न) हा क्रम इतर साक्षीदारांप्रमाणेच. मात्र आरोपीने पोलिसापुढे दिलेली कबुली या साक्षीतून सिद्ध करता येत नाही.

या बंदीचे श्रेय सहसा १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे मसुदाकार जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांना दिले जाते. परंतु त्या अधिनियमाची कलमे २५ ते २७ मुख्यतः १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलमे १४८ ते १५० वरून आलेली आहेत. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातील पोलिसांकडून होणाऱ्या छळाच्या तक्रारींवर चौकशी आयोगाचा अहवालही आला होता. त्यामुळे बंदीचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील या अनुभवात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

कलम २७ चा अपवाद सर्वाधिक वादग्रस्त ठरला. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादे तथ्य उघडकीस आले, तर त्याच्याशी स्पष्टपणे निगडित तेवढाच भाग सिद्ध करता येतो. पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) दिलेले उदाहरण आजही प्रमाण आहे: ‘घराच्या छपरात लपवलेला चाकू काढून देतो’ हे ग्राह्य, ‘ज्याने मी अमक्याला भोसकले’ हे अग्राह्य. १८७२ च्या अधिनियमाच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हा अपवाद कलम २३ च्या पोटकलम (२) (कोठडीतील कबुली) नंतर परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी तरतूद, म्हणून आला आहे. मांडणीवरून तो त्याच पोटकलमापुरता वाटला, तरी पोटकलम (१) लाही (पोलिसापुढील कबुली) लागू मानणे न्यायालयीन प्रघाताशी अधिक सुसंगत होय.

आरोपीच्या माहितीवरून वस्तू हस्तगत करताना महाराष्ट्रात आधी निवेदन पंचनामा (आरोपीने दिलेल्या माहितीची पंचांसमक्ष नोंद) आणि मग जप्तीचा पंचनामा करतात. पंच फितूर झाले म्हणून जप्ती आपोआप रद्द ठरत नाही. तपासी अंमलदाराची साक्ष विश्वसनीय असेल तर ती पुरेशी होऊ शकते. ‘साक्षीदार पोलीस आहे’ एवढ्यावरून ती नाकारू नये, ही सर्वोच्च न्यायालयाची भूमिका योग्यच आहे. तिची बारकाईने छाननी मात्र झालीच पाहिजे.

तपासात नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. साक्षीदार न्यायालयात जबाबाशी विसंगत बोलला, तर बचावाचे वकील तो मजकूर त्याला दाखवतात. त्याने नाकारल्यास पुढे अंमलदाराकडून ‘साक्षीदाराने असे सांगितले होते’ हे वदवून घेतात. महत्त्वाची गोष्ट जबाबात मुळीच नसणे हीही विसंगती ठरू शकते (सर्वोच्च न्यायालय, तहसीलदार सिंग खटला, १९५९). केस डायरी (तपासाची दैनंदिन नोंदवही) न्यायालय मागवू शकते. आरोपीला ती एरवी पाहता येत नाही, पण अंमलदाराने स्मरणासाठी ती वापरल्यास तेवढ्यापुरता तो हक्क मिळतो.

महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कबुलीबंदीला अपवाद आहे. त्याच्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली, विहित अटी पाळल्यास, ग्राह्य ठरते.