परिस्थिती अहवाल

परिस्थिती अहवाल : संकट चालू असताना ठरावीक वेळेला काढला जाणारा आणि निर्णय घेणाऱ्यांपुढे त्या घडीचे चित्र ठेवणारा एक-दीड पानी अहवाल. हा प्रकार मूळचा लष्करातला. आपत्ती व्यवस्थापनात त्याला ‘सिटरेप’ (‘सिच्युएशन रिपोर्ट’चे लघुरूप) असेही म्हणतात. सगळे निवल्यावर लिहिला जाणारा चौकशी अहवाल वेगळा. हा अर्धवट माहितीवरच लिहावा लागतो.

कोल्हापूरकरांना त्याची ओळख दर पावसाळ्यात होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती, पाण्याखाली गेलेले बंधारे किती, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, कोणते रस्ते बंद, ही माहिती जिल्हा नियंत्रण कक्षाकडून वेळ घालून येते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘पाणी ४१ फूट’ या निरोपात मात्र वेळ नसते. तो सकाळचा की आत्ताचा, पाणी चढते आहे की उतरते आहे, हे कळत नाही आणि आकडा खरा असूनही फसवतो.

संस्थेत हेच करायचे असते, फक्त प्रश्न आपले असतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पातळी ५५ फुटांपुढे गेली आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. तशी वेळ पुन्हा आली, तर शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीचा (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचा) अहवाल साधारण असा असेल :

‘अहवाल क्र. ३, सकाळी ९. पाणी ८ वाजता ४२ फूट, चढते (जिल्हा नियंत्रण कक्ष). आंबेवाडी-चिखलीत स्थलांतर सुरू. तिथले किती कामगार दुसऱ्या पाळीला येतील ते माहीत नाही, सुपरवायझर साडेदहापर्यंत कळवतील. महामार्गावर पाणी आल्याची चर्चा, खात्री नाही. जखमी : निरंक. निर्णय हवा : दुपारची भट्टी लावायची का? पुढील अहवाल ११ वाजता.’

भट्टीचा प्रश्न वरवरचा नाही. वितळलेल्या धातूचा रस तयार असताना वीज गेली आणि तो वेळेत ओतून काढता आला नाही, तर भट्टीतच थिजतो. म्हणून ‘निर्णय हवा’ ही ओळ अहवालाचा प्राण. ती नसेल तर उरते निव्वळ बातमीपत्र.

‘निरंक’ हा सरकारी दप्तरातला शब्द इथे फार कामाचा आहे. रकाना कोरा सोडला, तर विचारलेच नाही की विचारून काही आढळले नाही, ते समजत नाही.

ही पद्धत रुजवताना नमुना छापणे सोपे. माणूस नेमणे अवघड. लिहिणारा संकट पथकप्रमुख नसावा, कारण त्याला सतत फोन असतात. बदली माणूसही आधीच ठरवावा, पहिला स्वतःच पुरात अडकू शकतो. सराव मे महिन्यातच उरकलेला बरा. बहुतेक ठिकाणी घोडे अडते ते ‘माहीत नाही’ लिहिण्यापाशी : साहेब रागावतील म्हणून अंदाज ठोकला जातो आणि पुढच्या अहवालात तो खात्रीची माहिती होऊन बसतो. चूक सापडली, तर जुना अहवाल खोडू नये. नव्या क्रमांकाच्या अहवालात दुरुस्ती करावी.

संकट संपल्याचा शेवटचा अहवालही काढतात. क्रमवार जपलेली ही पाने पुढे विम्याच्या दाव्यात आणि कोणता निर्णय कोणत्या माहितीवर झाला, हे तपासताना उपयोगी पडतात.