बाल्साचं लाकूड हलकं का?

बाल्साच्या लाकडाचा एक घनमीटरचा ठोकळा साधारण 150 किलो भरतो. लिग्नम व्हायटी या अतिशय जड लाकडाच्या झाडाचा तेवढाच ठोकळा 1200 किलोच्या आसपास जातो आणि पाण्यात चक्क बुडतो. गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ द्रव्य एकच. पेशींच्या भिंतींची घनता कुठल्याही झाडात दर घन सेंटीमीटरला सुमारे 1.5 ग्रॅमच असते. फरक पडतो तो पोकळीमुळे. बाल्साच्या तंतूंच्या भिंती पातळ आणि आत जागाच जागा, तर लिग्नम व्हायटीत भिंती जाड आणि पोकळी नावापुरती.

तोडलेलं उष्णकटिबंधीय वर्षावन पुन्हा वाढू लागतं, तेव्हा त्याचे थर बरेचसे या हिशोबावर रचले जातात. मोकळ्या उन्हात आधी उगवतात ती घाईतली झाडं: अमेरिकेत बाल्सा आणि सिक्रोपिया, आफ्रिकेत मुसांगा, आग्नेय आशियात मॅकारंगा. तेवढ्याच द्रव्यात ती जास्त उंची गाठतात. त्यांच्या सावलीत वाढणाऱ्या रोपांना मात्र घाई परवडत नाही. तिथे उन्हाचा जेमतेम एक-दोन टक्के अंश पोचतो, वरून फांद्या कोसळतात, बुरशी टपलेली असते. तिथे जड, चिवट लाकूडच तग धरतं.

लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांचं गणित आणखी मजेशीर. नळीची रुंदी दुप्पट झाली की प्रवाह 16 पट होतो. पण पाणी कमी पडलं की रुंद नळीत हवेचा बुडबुडा शिरून ती बंद पडण्याचा धोकाही सहसा जास्त. यावरून ‘वरच्या थरातल्या झाडांच्या नळ्या रुंद’ असं सरसकट म्हणायचा मोह होतो, तो टाळावा. झाड उंच झालं की बुंध्यातल्या नळ्या तशाही रुंदावतात, मग ते कुठल्याही जातीचं असो. उंची लक्षात न घेता केलेली तुलना फसवी ठरते.

बाल्साची चकती कापून पाहिली तर मधल्या भेंडाजवळचं लाकूड सर्वांत हलकं सापडतं. सालीकडे जावं तसं ते जड होत जातं. रोप असताना धावायचं होतं, आता वाऱ्यात उभं राहायचंय. म्हणून अशा झाडातला कार्बन मोजताना फक्त सालीलगतचा तुकडा घेतला, तर आकडा फुगतो.

कोरड्या जंगलात मात्र हा क्रम बहुधा उलटा दिसतो. तिथे उघड्या, तापलेल्या जमिनीवर आधी जड लाकडाची झाडं येतात, कारण तिथली पहिली अडचण सावली नसून तहान असते.