माणसं, महिने आणि जुन्या नोंदी: सॉफ्टवेअरच्या एस्टिमेटमागचा इतिहास

एस्टिमेट, म्हणजे सॉफ्टवेअर बनवायला किती वेळ आणि श्रम लागतील याचा अंदाज, मागितलं की समोर एक एक्सेल शीट उघडते. एका रकान्यात मॉड्यूलची नावं, शेजारी मॅन-डे (एका माणसाचं एका दिवसाचं काम), खाली बेरीज, बेरजेवर थोडा बफर आणि शेवटी त्या बेरजेला टीममधल्या माणसांच्या संख्येने भागून काढलेली तारीख. हा शेवटचा भागाकार इतका अंगवळणी पडलाय की त्यापाशी कुणी थांबत नाही. सॉफ्टवेअरच्या एस्टिमेटचा साठेक वर्षांचा इतिहास मात्र बराचसा त्या भागाकाराभोवतीच फिरतो. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट लक्षात येते. आजवर जी जी सूत्रं गाजली, ती सगळी कुठल्या तरी संस्थेच्या पूर्ण झालेल्या प्रकल्पांच्या नोंदींतून निघाली. ज्यांच्या नोंदी, त्यांचं सूत्र. हे विसरलं गेलं तिथे गाडी रुळावरून घसरली.

सुरुवातीला सॉफ्टवेअरसाठी वेगळी पद्धत नव्हतीच. कारखान्यांतून आलेला गँट चार्ट, म्हणजे आडव्या पट्ट्यांनी काढलेलं कामांचं वेळापत्रक, होता. १९५७-५८ च्या सुमाराला रासायनिक उद्योगातून सीपीएम आणि अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून पर्ट ही नियोजनाची तंत्रं आली. पर्टमधला आशावादी, संभाव्य आणि निराशावादी अशा तीन आकड्यांचा अंदाज अजूनही शिकवला जातो. पण ही साधनं कामांचा क्रम लावून देतात. मुळात एखाद्या कामाला किती दिवस लागतील, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं.

त्या प्रश्नाला पहिल्यांदा नेटाने भिडली ती अमेरिकेतली सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन. सेज या हवाई संरक्षण प्रणालीचं प्रचंड प्रोग्रॅमिंग करणारी ही संस्था. साठच्या दशकाच्या मध्यावर तिने १६९ प्रकल्पांची माहिती जमवली, प्रत्येक प्रकल्पाचे १०४ गुणधर्म नोंदवले आणि त्यातून एक सरळ रेषीय समीकरण मांडलं: अमुक घटकाचे इतके मॅन-मंथ (एका माणसाचं महिन्याभराचं काम), तमुकचे तितके, सगळ्यांची बेरीज म्हणजे उत्तर. त्याच १६९ प्रकल्पांवर ते लावून पाहिलं, तर सरासरी अंदाज ४० मॅन-मंथ आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा फैलाव, ६२. सगळ्या घटकांना शून्य दिलं की उत्तर यायचं उणे ३३ मॅन-मंथ. उच्चस्तरीय भाषेऐवजी असेंब्लीत, म्हणजे यंत्राच्या जवळच्या भाषेत, लिहायचं ठरलं तर प्रकल्प लहान असो की अवाढव्य, सरसकट ७ मॅन-मंथ वाढायचे. तरीही माझ्या मते हा अभ्यास या विषयातला सर्वांत प्रामाणिक प्रयत्नांपैकी एक आहे. सॉफ्टवेअरचा खर्च नुसत्या बेरजेने निघत नाही, हे त्याने स्वतःच्याच आकड्यांनी दाखवून दिलं.

याच काळात आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम चाललं होतं. १९६३ ते १९६६ या वर्षांत त्यावर सुमारे ५,००० मनुष्यवर्षं खर्ची पडली आणि ऐन भरात हजाराहून जास्त माणसं कामाला होती. प्रकल्पाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी पुढे १९७५ च्या आपल्या पुस्तकात एक प्रसंग नोंदवला आहे. प्रणालीचे स्पेसिफिकेशन (ती नेमकी कशी असावी याचं लेखी वर्णन) कोणी लिहायचे, असा प्रश्न होता. आर्किटेक्चर गटात दहा चांगली माणसं होती. त्यांचा प्रमुख म्हणाला, आम्ही लिहू, पण दहा महिने लागतील, म्हणजे वेळापत्रकापेक्षा तीन महिने जास्त. कंट्रोल प्रोग्रॅमच्या प्रमुखाकडे दीडशे माणसं होती. तो म्हणाला, आम्ही वेळेत करतो, नाहीतर माझी दीडशे माणसं दहा महिने हातावर हात धरून बसतील. आर्किटेक्चर प्रमुखाने बजावलं की काम दीडशे जणांकडे दिलंत तरी ते तीन महिने उशिरानेच होईल, शिवाय दर्जा घसरेल. ब्रुक्स यांनी काम दीडशे जणांना दिलं. झालं अगदी बजावल्याप्रमाणे. वर डीबगिंगमध्ये, म्हणजे चुका शोधून दुरुस्त करण्यात, साधारण एक वर्ष वाढलं, असा ब्रुक्स यांचा स्वतःचा अंदाज आहे.

रखडलेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी रखडतो, हा त्यांचा नियम आता सर्वांना तोंडपाठ आहे. त्यामागचं कारण मात्र तितकं ध्यानात राहत नाही. दहा माणसांत बोलण्याच्या जोड्या ४५ होतात, वीस माणसांत १९०. नव्याने आलेल्याला कामाची माहिती द्यायला जुन्यांपैकीच कुणाला तरी वेळ काढावा लागतो आणि नेमका तोच सर्वांत जास्त अडकलेला असतो. माणसं दुप्पट झाली म्हणून महिने निम्मे होत नाहीत, ते या दोन गोष्टींमुळे.

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या परिषदेत उशीर आणि वाढता खर्च यांवर उघड चर्चा झाली. त्यानंतरचं दशक सूत्रांचं होतं. आयबीएमच्याच पीटर नॉर्डन यांनी आधी दाखवून दिलं होतं की संशोधन-विकासाच्या प्रकल्पावर माणसांची संख्या एकसारखी राहत नाही. ती हळूहळू चढते, शिखर गाठते आणि लांब शेपटी ठेवून उतरते. या आकाराला रॅले वक्र म्हणतात. लॉरेन्स पटनम यांनी अमेरिकी लष्कराच्या सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या आकडेवारीत हाच वक्र शोधला आणि १९७८ मध्ये आपलं समीकरण प्रसिद्ध केलं. त्यानुसार काम तेवढंच ठेवून मुदत कमी केली, तर लागणारे श्रम मुदतीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतात. मुदत १० टक्के कापली की एफर्ट, म्हणजे हे श्रम, जवळपास दीडपट आणि मुदत निम्मी केली की सोळापट!

१९७७ मध्ये वॉल्स्टन आणि फेलिक्स यांनी आयबीएमच्या ६० प्रकल्पांवरून वेगळं सूत्र काढलं. पण घरोघरी पोचलं ते बॅरी बोएम यांचं कोकोमो. बोएम टीआरडब्ल्यू या कंपनीत होते आणि १९८१ मध्ये त्यांनी ६३ प्रकल्पांच्या आधारे हे मॉडेल मांडलं. त्याचं साधं रूप कागदावर करून बघण्यासारखं आहे. समजा, प्रोग्रॅम ३२ हजार ओळींचा आहे. ओळखीचं काम, छोटी अनुभवी टीम आणि फारशी बंधनं नाहीत, अशा प्रकल्पाला बोएम ऑर्गॅनिक म्हणतात. त्यात ३२ चा १.०५ वा घात घेऊन २.४ ने गुणायचं, की ९१ मॅन-मंथ येतात. त्या ९१ चा ०.३८ वा घात गुणिले २.५, म्हणजे सुमारे १४ महिने. माणसं सरासरी साडेसहा. आता तेवढ्याच ओळींचा प्रोग्रॅम हार्डवेअरच्या कडक मर्यादांत बसवायचा असेल, म्हणजे एम्बेडेड असेल, तर ३२ चा १.२० वा घात गुणिले ३.६, म्हणजे २३० मॅन-मंथ. मुदत? तिच्यासाठी इथे घात ०.३२ चा, म्हणून तीही सुमारे १४ महिने. माणसं मात्र सोळा. इथे कालावधी श्रमाला डोक्यांनी भागून काढलेला नाही. आधी श्रम, श्रमातून महिने आणि त्यानंतर माणसं, असा क्रम आहे. एक्सेल शीटमध्ये तो नेमका उलटा असतो.

मुदत किती आवळता येते, यावर या दोन दिग्गजांत मोठा फरक आहे. नेहमीच्या मुदतीच्या ७५ टक्क्यांत काम करायचं तर १९८१ च्या कोकोमोप्रमाणे एफर्ट २३ टक्के वाढतो. पटनम यांच्या सूत्राप्रमाणे तो तिपटीहून जास्त होतो. दोघांच्याही मागे खऱ्या प्रकल्पांचे आकडे होते, पण ते प्रकल्प वेगळे होते. पुढे कोकोमो २ आलं, त्यात हाच आकडा ४३ टक्क्यांवर गेला. ७५ टक्क्यांच्या खाली मात्र कितीही माणसं ओतली तरी काम उतरत नाही, असं बोएम यांचं म्हणणं होतं.

बोएम यांनी आणखी एक आकृती दिली, जी पुढे अनिश्चिततेचा शंकू म्हणून प्रसिद्ध झाली. काय बनवायचं याची नुसती चाचपणी सुरू असताना केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा पाव असू शकतो. डिझाइन पक्कं होत जातं तसा हा फरक आकसतो. बहुतेक ठिकाणी तारीख कबूल केली जाते ती नेमकी शंकूच्या रुंद तोंडाशी, आणि नंतर खापर फुटतं ते डेव्हलपरवर. मला हा अन्याय वाटतो.

या सगळ्या सूत्रांची एक अडचण होती: ओळी किती होणार, हे आधीच कसं कळणार? शिवाय ओळी मोजल्या की असेंब्लीत हजार ओळी लिहिणारा, तेच काम शंभर ओळींत करणाऱ्यापेक्षा जास्त उत्पादक ठरतो. आयबीएमच्या अ‍ॅलन अल्ब्रेक्ट यांना वेगवेगळ्या भाषांतल्या प्रकल्पांची तुलना करायची होती. त्यांनी १९७९ मध्ये फंक्शन पॉइंट मांडले. वापरणाऱ्याला बाहेरून जे दिसतं ते मोजायचं: प्रत्येक इनपुटला ४, आउटपुटला ५, चौकशीला ४, मास्टर फाइलला १०. मग कामाच्या गुंतागुंतीप्रमाणे त्यात कमीजास्त करायचं. १९८६ मध्ये या मोजणीसाठी आयएफपीयूजी ही संघटना उभी राहिली. पुढे तिच्या पद्धतीला आयएसओचं मानांकनही मिळालं. रिक्वायरमेंट लिहून झाल्या की कोडची एक ओळही नसताना आकार सांगता येतो, हा तिचा खरा फायदा.

१९८७ मध्ये ख्रिस केमेरर यांनी चार मॉडेल घेऊन ती १५ पूर्ण झालेल्या व्यावसायिक प्रकल्पांवर लावली. प्रत्यक्ष खर्च माहीतच होता. कोकोमो आणि पटनम यांच्या समीकरणावर उभं असलेलं स्लिम हे मॉडेल, या दोन्हींची सरासरी चूक ६०० टक्क्यांच्या घरात किंवा त्याहून जास्त निघाली. फंक्शन पॉइंटवर आधारलेलं मॉडेल त्या मानाने बरं ठरलं, तरी चूक १०० टक्क्यांच्या आसपास होतीच. केमेरर यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: दुसऱ्याच्या प्रकल्पांवर बेतलेलं मॉडेल आपल्या आकड्यांनी जुळवून घेतल्याशिवाय वापरू नये. संरक्षण आणि अवकाश क्षेत्रातल्या कामांचा अनुभव व्यावसायिक डेटा प्रोसेसिंगला जसाच्या तसा कसा लागू पडणार?

सूत्रांबरोबर माणसाच्या अंदाजाचाही अभ्यास सुरू होता. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या डेल्फी पद्धतीत तज्ज्ञ एकमेकांशी न बोलता आकडे देत. बोएम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात मधल्या चर्चेची भर घातली आणि वाइडबँड डेल्फी तयार झाली. १९७९ मध्ये डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी दाखवलं की नियोजन करताना माणूस आपल्यासारख्याच इतर कामांचा अनुभव बाजूला ठेवतो आणि समोरच्या कामाच्या तपशिलात रमून वेळ कमी धरतो. नॉर्वेचे मॅग्ने योर्गेन्सेन यांनी हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं तपासला. क्लायंटने आधीच एक आकडा सुचवला असेल, तर अनुभवी माणसाचाही अंदाज त्याकडे ओढला जातो. ‘तो आकडा विसरा’ असं सांगूनही फारसा फरक पडत नाही.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या लोकांनी लांबचे अंदाज बाजूला ठेवून छोट्या स्टोरींना, म्हणजे कामाच्या तुकड्यांना, आकाराप्रमाणे पॉइंट द्यायला सुरुवात केली. २००१ मध्ये अ‍ॅजाइल, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा आला, २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी प्लॅनिंग पोकर मांडलं आणि पुढे माइक कोहन यांनी ते सगळीकडे पोचवलं. आपल्या अंदाजाच्या आकड्याचे पत्ते सगळ्यांनी एकदम उघडायचे, म्हणजे सीनियरचा आकडा ऐकून बाकीचे माना डोलावत नाहीत. डेल्फीतली जुनीच काळजी इथे वेगळ्या रूपात आहे. व्हेलॉसिटी म्हणजे त्याच टीमने मागच्या काही स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक छोट्या टप्प्यांत) प्रत्यक्ष किती पॉइंट संपवले त्याची नोंद. म्हणून ती त्या टीमपुरतीच खरी. दोन टीमच्या व्हेलॉसिटीची तुलना किंवा एका पॉइंटचे ठरावीक तास धरणं, या दोन्ही गोष्टींनी तिचा उपयोगच संपतो.

पण दीड-दोन वर्षांच्या कंत्राटाला किती माणसं घ्यायची, हे नव्या टीमला व्हेलॉसिटीवरून सांगता येत नाही. तिथे फंक्शन पॉइंट आणि कोकोमो २ अजून कामी येतात. १६१ प्रकल्पांवर बेतलेल्या कोकोमो २ बरोबर एक साधी सूचना दिलेली आहे: मूळ गुणक आपल्या संस्थेसाठी जुळवून घ्यायला स्वतःचे किमान पाच पूर्ण झालेले प्रकल्प हवेत, आणि त्यांचा आकार व प्रत्यक्ष लागलेला एफर्ट नोंदलेला हवा. हे पाच प्रकल्प जमवणं हेच आज सर्वांत अवघड काम आहे. डिलिव्हरी झाली की टीम पांगते, आकार कुणी पुन्हा मोजत नाही, आणि टाइमशीटमध्ये रोजचे आठच तास भरलेले असतात, मग शेवटचा महिना कितीही रात्री जागून काढलेला असो.